गाळलेले सहा कागद

तोंडी परीक्षा चालू असली की आमचे सर परीक्षकाच्या मागे जाऊन उभे राहायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. कानावर पेन्सिल, हातात लांबट वही आणि पायात करकर वाजणाऱ्या चपला. त्या वहीत विद्यार्थ्यांची उत्तरं नसायची, परीक्षकाचे प्रश्न असायचे. प्रश्न कुठल्या भाषेत विचारला, पोरानं तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न टाकला का, मध्येच फोन घेतला का, जेवणाची वेळ जवळ आल्यावर मार्क कमी पडायला लागले का, असलं सगळं ते बारीक अक्षरात टिपत राहायचे.

"सर, तुम्ही माझी परीक्षा घेताय की काय?" बाहेरगावाहून आलेल्या एका परीक्षकांनी एकदा वैतागून विचारलं.

"व्हय की," सर म्हणाले आणि तेही वहीत लिहून घेतलं.

कोल्हापुरातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते समाजवैद्यक शिकवायचे. साथी, लसीकरण, सांडपाणी. पोरांच्या लेखी हा झोपेचा तास. पण सरांचा खरा विषय वेगळाच होता. डॉक्टर घडवताना आपण पोरांना काय शिकवतो, परीक्षेत काय मोजतो, आणि त्या मोजण्याचा पेशंटला काही उपयोग होतो का, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला होता. तो कुठून शिरला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. घर जयसिंगपूरचं, जैन, पिढ्यान्‌पिढ्यांचा धान्याचा व्यापार. भाऊ दुकान बघायचे. सर मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायचे आणि कॉलेजला चालत यायचे. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यामुळे पाच वाजले की प्रॅक्टिकल बंद. मग समोर प्राचार्य असोत नाही तर आणखी कोण.

एका वर्षी पूर्वपरीक्षेला ते स्वतःच आपल्या विषयाचा पेपर लिहायला बसले. मागच्या बाकावर, खोटा नंबर टाकून. ती उत्तरपत्रिका त्यांनी गठ्ठ्यात घातली आणि तपासायला विभागातल्याच एका सहकाऱ्याकडे दिली. सर काठावर पास झाले. समासात लाल शाईत शेरा होता, 'मुद्दे कमी. अक्षर सुधारा.' सरांनी ते पान फ्रेम करून खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं. त्या सहकाऱ्याला ते बरीच वर्षं सलत होतं. सरांना मात्र त्यात कुणाला टोचायचं नव्हतं. "मी तीस वर्षं ह्योच विषय शिकवतोय," ते येईल त्याला सांगायचे, "आणि मला ह्यात काठावर मार्क पडत्यात. म्हंजे आपण मोजालोय काय, सांग की मला."

मग त्यांनी पेशंट तयार करायला घेतले.

खरे पेशंट परीक्षेला आणायचे म्हणजे त्यांना त्रास, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. म्हणून सरांनी धडधाकट माणसं गोळा केली आणि त्यांना दुखणी शिकवली. पेठेत बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांना छातीतलं दुखणं दिलं. नृसिंहवाडीकडच्या एक आक्का लेकीकडे राहायला आल्या होत्या, त्यांना खोकला. असे सहा जण. दर शनिवारी दुपारी विभागात त्यांची तालीम चालायची. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. एकदा सही घ्यायला गेलो तर चाचा जमिनीवर पडून डोळे फिरवत होते.

"चाचा, मरायचं न्हाई!" सर ओरडत होते. "नुसतं दुखायचं. तुमी मेला तर पोरगं काय विचारणार तुमाला?"

"मग मजा कशी येणार, सर?" चाचा उठून बसत म्हणाले.

"मजा न्हाई, परीक्षा हाय. दुखालंय, पण बायकोला अजून सांगितलं न्हाई, असं तोंड करा."

मग चाचांनी असा काही चेहरा केला की सही घ्यायची मी विसरलो. सर खूश झाले. "आत्ता जमलं. ह्ये जो वळखंल तो डॉक्टर."

वर्षअखेरीच्या परीक्षेत प्रत्येक पोराला या सहा जणांच्या टेबलांवर एकेकदा जावं लागे. शेजारी बसून प्राध्यापक मार्क द्यायचे. पोरगं बाहेर गेलं की विभागातल्या समाजसेविका बाई आत येऊन त्या नकली पेशंटला एकच प्रश्न विचारायच्या, 'या डॉक्टरकडे परत याल का?' उत्तर हो किंवा नाही, आणि खाली कारण, त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. एका पोरामागे सहा कागद. टाचणी लावून ते ट्रंकेत जायचे. सगळ्या वर्षांचे कागद जमेपर्यंत सर ते वाचायचे नाहीत. "आधी वाचलं की मन फिरतंय," असं त्यांचं म्हणणं.

या कागदांचा मार्कांशी संबंध नव्हता, म्हणून आम्ही त्याला सरांचं खूळ म्हणायचो. पण एक गोष्ट घडली, आणि ती सगळ्या कॉलेजात पसरली.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. शाहूवाडीकडच्या खेड्यातली, इंग्रजी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. ती आक्कांसमोर बसली. आक्कांनी शिकवल्याप्रमाणे खोकला सांगितला. मुलीला पुढचा प्रश्न सुचेना. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. मुलगी आक्कांचा हात धरून नुसतीच बसली, आणि मग म्हणाली, "आक्का, आनि काय हुतंय? खोकल्याबिगर?" आक्कांनी तिच्याकडे बघितलं, आणि शिकवलेलं सगळं सोडून दिलं. "पोरी, हितं गाठ हाय. चार म्हैनं झालं. कुणाला बोलली न्हाई," म्हणाल्या. गाठ खरी होती. सरांना कळलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी आक्कांना सर्जनकडे नेलं. ऑपरेशन झालं आणि आक्का वाचल्या. त्या मुलीला प्राध्यापकांनी त्या टेबलावर नापास केलं होतं. विचारायचे ते ठरलेले प्रश्न तिने विचारले नव्हते.

सर त्या दिवशी चिडले नाहीत. नंतर मला म्हणाले, "बघितलंस न्हवं? आता ह्ये कागदावर आलं पायजे. माझं कोण ऐकत न्हाई, कागदाचं ऐकतील."

त्याच परीक्षेला मी डाव्या हाताला प्लास्टर घालून गेलो होतो. दसरा चौकाजवळ स्कूटर घसरली होती. अख्ख्या बॅचमध्ये प्लास्टर घातलेला मी एकटाच. सहाही टेबलांवर प्राध्यापकांनी मला सगळ्यांत जास्त मार्क दिले. त्या वर्षीचं सुवर्णपदक मला मिळालं. सरांनी पाठीवर थाप मारली.

पुढे शिक्षण पुरं करून मी सरांच्याच हाताखाली लेक्चरर म्हणून लागलो. नोकरी अजून कायम व्हायची होती. सरांना निवृत्त व्हायला थोडाच अवधी उरला होता. ट्रंक भरली होती. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "कॉम्प्युटरवर भर. कॉलेजच्या कमिटीपुढं मांडायचं. पेशंटचं उत्तर मार्कात धरा, एवढंच मागणार हाय मी. आणि पेशंट काय बोलले ते वाचूनच दाखवणार. आकड्यानं न्हाई हलत ही माणसं."

दुपारच्या वेळी त्यांच्या खोलीत बसून मी कागद भरायला लागलो. कागदांवर पोरांची नावं नव्हती, नुसता सांकेतिक आकडा, प्राध्यापकांनी दिलेले मार्क आणि पेशंट कोण ते. पहिल्या आठवड्यातच मला दिसायला लागलं की सरांचा अंदाज बरोबर होता. ज्यांना प्राध्यापकांनी भरपूर मार्क दिले होते त्यातल्या पुष्कळांकडे हे सहा जण परत जायला तयार नव्हते. मला मजा वाटत होती. हा कोण असेल, तो कोण असेल, असं मनात ओळखत होतो.

एका दुपारी टाचणी काढली आणि वरच्याच कागदावर वाचलं, 'नाही. हात मोडलेला डॉक्टर. मी बोलाय लागलो की पुढं पुढं म्हनतोय.'

ते चाचांचं होतं. खालचा कागद, 'नाही. तोंडाकडं बघितलं न्हाई. कागदाकडं बघूनच इचारलं.' त्याखाली, 'नाही. माजं नाव बी इचारलं न्हाई.' त्याखालीही नाही, त्याखालीही नाही. शेवटचा आक्कांचा होता. 'हो. याचाच हात मोडलाय, याला दुखनं कळत असंल.'

पाच माणसं माझ्याकडे परत यायला तयार नव्हती. सहावी तयार होती, ती माझ्या प्लास्टरमुळे. आणि सर हे सगळं कमिटीपुढे मोठ्यानं वाचणार. 'हात मोडलेला डॉक्टर' म्हटल्यावर त्या खोलीतल्या एकालाही दुसरं नाव सुचलं नसतं. नोकरी कायम करणारी माणसंही तीच. एवढी मोठी ट्रंक, त्यातले सहा कागद. कोण मोजणार, असं मी मनाशी म्हटलं. कागद एप्रनच्या खिशात घातले, वॉर्डात गेलो, फाडले आणि पिवळ्या पिशवीत टाकले. त्या पिशवीतलं सगळं जाळायला जातं.

टाकताना मी एकही कागद उलटून पाहिला नव्हता. समाजसेविका बाईंनी प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीनं अनुक्रमांक घातला होता, आणि एकूण किती कागद झाले त्याचं रजिस्टर सरांच्या पिशवीत असायचं.

कमिटीच्या दिवशी सकाळी सरांनी कागद मोजायला घेतले. दोनदा मोजले. मग मला बोलावलं. "सहा कमी भरालेत. तुझ्या टेबलावर राहिलेत का बघ बरं."

"बघतो सर," मी म्हणालो.

मी बघितलं. खण उघडले, फायली झटकल्या. सर गुडघे टेकून कपाटाखाली हात घालत होते. वय झालेलं, उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. पँटच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. तासभर आम्ही दोघं ते सहा कागद शोधत होतो, आणि मी शोधण्याचं सोंग चाचांपेक्षाही चांगलं केलं. तेव्हा बोलायला मला कितीतरी वेळ होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी "न्हाई सापडत, सर" एवढंच म्हणालो.

कमिटीसमोर सर उभे राहिले. गुडघ्यावरची धूळ तशीच होती. मोठी माणसं टेबलाभोवती बसली होती, मी भिंतीला लागून.

"माझे सहा कागद कमी आहेत," सर म्हणाले. "का कमी आहेत ते मला सांगता येत नाही. म्हणून हे काम मी मांडू शकत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. मेडिसिनचे प्रमुख हसले. "म्हणजे एवढी वर्षं तुम्ही शनिवारी नाटकच बसवत होतात म्हणायचं!" बाकीचेही हसले. चहा आला, पुढचा विषय निघाला. सरांनी चहा घेतला नाही. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, पण ते रागानं नव्हतं. माझा संशयच त्यांना आला नव्हता. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन जयसिंगपूरला गेले आणि माझी नोकरी कायम झाली.

नंतर वर्षं गेली. मी सणावाराला फोन करायचो. मध्ये अभ्यासक्रम बदलला, नकली पेशंट आणि टेबलावरच्या परीक्षा सगळीकडे सुरू झाल्या. पेशंटला मात्र कुणी काही विचारत नव्हतं, नुसती प्राध्यापकांच्या हातात यादी, त्यावर टिक. मला या विषयातला जाणकार म्हणून भाषणांना बोलावू लागले. अशाच एका भाषणात मी सरांचं काम सांगितलं. एका तरुण डॉक्टर बाईंनी हात वर केला. "सर, हे छापलंय कुठे? मला वाचायचंय." मी "छापलं नाही" म्हणालो. "का?" त्यांनी विचारलं. मी पुढची स्लाइड लावली.

पुढच्या रविवारी मी जयसिंगपूरला गेलो. सर ओसरीवर बसले होते, वाळून गेले होते, पण पेन्सिल कानावर होती. काकूंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मी आडवळण घेतलं नाही.

"सर, ते सहा कागद मी फाडले होते. माझेच होते."

रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत सर थांबले.

"काय लिवलं हुतं?"

मला सहाही पाठ होते. मी सांगायला लागलो तसा त्यांनी शेजारचा कागद ओढला. "सावकाश सांग." मी सांगितलं आणि त्यांनी एकेक ओळ लिहून घेतली. आक्कांचं ऐकताना त्यांना हसू आलं. "आक्का म्हंजे आक्काच," म्हणाले. मग सगळं एकदा वाचून पाहिलं आणि कागद बाजूला ठेवला.

"ह्ये चालत न्हाई पण. ह्ये तू सांगितलंस, त्यांनी न्हवं."

"सर, मी..."

"त्या दिवशी बोलला असतास, तर चाचा हुते, आक्का हुत्या. परत जाऊन इचारलं असतं. आता कुणाला इचारू?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आक्का गेल्या वर्षी गेल्या. वयानंच गेल्या. त्या गाठीनं न्हाई."

मी उरलेल्या कागदांचं विचारलं. ट्रंक भावाच्या गोदामात ठेवली होती, ती पुरात गेली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत नुसता चिखल.

"चूक तुझी एकट्याची न्हाई," सर म्हणाले. "मी बी चुकलो. सहा कागद गहाळ हायत, कारण म्हाईत न्हाई, एवढं एक वाक्य लिवून बाकीचं मांडायचं हुतं मी. चाललं असतं. पण मला डाग नको हुता माझ्या कामाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला तरी दुसरं काय पायजे हुतं?"

काकू जेवायला बोलवायला आल्या. दिवस कलला होता. मी दोघांबरोबर पानावर बसलो. जेवताना सर उसाचं, पावसाचं बोलले. निघताना मी पायांवर डोकं ठेवलं तर म्हणाले, "परत करून बघ की. तुझ्या हातात विभाग हाय आता."

त्या थंडीत सर गेले. मी जयसिंगपूरला जाऊन आलो आणि त्यानंतर खरोखरच कामाला लागलो. कमिटीची परवानगी काढली, आता ती सहज मिळाली. सहा माणसं शोधली. दुखणी शिकवली, फॉर्म छापून घेतले. मागे अनुक्रमांक, दोन रजिस्टरं, कुलपाचं कपाट. सरांनी केलं होतं ते सगळं केलं. शनिवारी दुपारी त्यांच्याबरोबर बसायचं तेवढं जमलं नाही. ते काम मी एका ज्युनियरकडे दिलं.

पहिल्या परीक्षेचे कागद मी मुद्दाम लगेच उघडले. सगळ्या पेशंटांनी सगळ्या पोरांना 'हो' म्हटलं होतं. कारण, 'चांगला आहे.' 'चांगली आहे.' एकसुद्धा 'नाही' नव्हता.

मी त्यांना बोलावलं. राजारामपुरीत भाजीची गाडी लावणाऱ्या एक मावशी त्यांच्यात होत्या, जरा धीट. मी म्हटलं, "मावशी, खरं काय वाटलं ते सांगायचं होतं. न आवडलेलं एकही पोर नव्हतं का?"

मावशींनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे खाली बघत होते. मग त्या खुर्चीच्या कडेवर पुढे सरकल्या आणि माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाल्या,

"सायेब, चिडू नगासा. तुमाला काय लिवून पायजे त्ये सांगा, आमी तसं लिवून देतो की."